पाऊल कुठे पडते : धावण्याची ढब आणि दुखापती

चालताना एक ना एक पाय कायम जमिनीवर असतो. धावताना मात्र दर दोन पावलांच्या मध्ये असा क्षण येतो की दोन्ही पाय हवेत असतात, आणि मग सगळे शरीर एकाच पायावर उतरते. त्या पायाला जमिनीकडून मिळणारा उलटा रेटा शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो. सत्तर किलो वजनाचा माणूस तासाभरात दहा किलोमीटर धावला, तर त्याची साधारण दहा हजार पावले पडतात. म्हणजे प्रत्येक पाय पाच हजार वेळा दीडशे ते दोनशे किलोचा भार पेलतो, आणि तोही दर वेळी जेमतेम पाव सेकंदात. धावणाऱ्यांच्या बहुतेक दुखापती पडून किंवा पाय मुरगळून होत नाहीत. एकाच जागी हजारो वेळा येणारा हा भार तिथले हाड, कंडरा किंवा कूर्चा सोसू शकत नाही, तेव्हा त्या होतात. गुडघ्याच्या वाटीभोवतीचे दुखणे, नडगीच्या आतल्या कडेचा ठणका, टाचेमागच्या अकिलीस कंडरेचा त्रास, सकाळी पहिले पाऊल टेकताच टाचेखाली उठणारी कळ आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला जाणवणारे आयटी बँडचे, म्हणजे मांडीच्या बाहेरून उतरणाऱ्या पट्ट्याचे दुखणे, ही त्यांतली नेहमीची नावे.

ढब सुधारली की हा भार नाहीसा होतो, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. माणसाचे वजन तेच आणि वेगही तोच असेल, तर शरीर उचलून पुढे नेण्याचे काम कुणाला तरी करावेच लागते. त्यातला किती वाटा गुडघ्याने उचलायचा, किती पोटरीने आणि किती खुब्याने, हे ढब ठरवते. हाँगकाँगच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. त्यांनी ३२० नवख्या धावणाऱ्यांचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे ट्रेडमिलवर, पाऊल किती जोरात आदळते ते समोरच्या पडद्यावर दाखवत, हलके उतरायला शिकवले. दुसऱ्या गटाला ट्रेडमिलवर नुसते धावू दिले. पुढच्या वर्षभरात शिकवलेल्या गटात दुखापतींचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी राहिले. गुडघ्याची आणि टाचेखालची दुखणी घटली, पण पोटरी आणि अकिलीस कंडरेची दुखणी त्याच गटात जास्त दिसली. फायदा खरा होता आणि मोठाही होता. तरी भाराचा काही भाग एका जागेवरून उठून दुसरीकडे गेला होता. ढबीत कोणताही बदल करताना हा भार आता कुठे जाणार आणि ती जागा तो पेलायला तयार आहे का, हे आधी विचारले पाहिजे.

सर्वांना लागू पडेल अशी एकच आदर्श ढब नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके जिंकणारा चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक मान वेडीवाकडी हलवत, चेहरा पिळवटून धावत असे. ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ प्रत्येक पावलाला डोके हलवायची, आणि २००३ साली तिने लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत पूर्ण केली. इथिओपियाच्या हैले गेब्रसेलासीचा डावा हात धावताना काहीसा आखडलेला दिसे. लहानपणी तो वह्या-पुस्तके बगलेत धरून शाळेत धावत जात असे, त्याची ती सवय. या तिघांना कुणी साच्यात बसवायला गेले असते तर फारसे काही हाती लागले नसते. या खेळाडूंची शरीरे वर्षानुवर्षे त्याच ढबीत घडली होती. त्यामुळे जो माणूस अनेक वर्षे विनातक्रार धावतो आहे, त्याची ढब केवळ दिसायला बेढब आहे म्हणून बदलू नये. बदलाची गरज असते ती वारंवार एकाच जागी दुखणाऱ्याला, आणि ज्याची कोणतीच सवय अजून पक्की झालेली नाही अशा नवख्याला.

या दोघांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे लांब ढांगा टाकणे. वेग वाढवायचा म्हणजे पाय लांब टाकायचा, असे मनात पक्के बसलेले असते. पाय शरीराच्या बराच पुढे जाऊन गुडघा जवळजवळ ताठ असताना टेकला, की दोन गोष्टी होतात. एक तर जमीन शरीराला मागे ढकलते, म्हणजे प्रत्येक पावलाला थोडा ब्रेक लागतो आणि गेलेला वेग पुन्हा मिळवायला शक्ती खर्च होते. दुसरे, ताठ गुडघ्याला दचका जिरवता येत नाही. थोडा वाकलेला गुडघा खाली जात जात भार मांडीच्या स्नायूंवर पसरवतो; ताठ पायात तो नडगीतून सरळ वर चढतो. पाऊल जितके शरीराच्या खाली, तितका हा ब्रेक कमी. अगदी कमरेच्या रेषेतच पडले पाहिजे असा हट्ट नको, कारण सावकाश धावताना पाऊल थोडे पुढे पडतेच. पाय टेकतानाच्या क्षणी नडगी जवळपास उभी असणे आणि गुडघा किंचित वाकलेला असणे, एवढी खूण पुरे.

हे साधायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पायाकडे लक्ष न देता पावलांची गती वाढवणे. धावणारे तिला कॅडेन्स म्हणतात : एका मिनिटात दोन्ही पायांची मिळून पडणारी पावले. उजवा पाय अर्ध्या मिनिटात किती वेळा टेकतो ते मोजून चारने गुणले की ती कळते. ४० आले तर १६०. तासाला दहा किलोमीटर या वेगाने १६० पावले टाकणाऱ्याचे एक पाऊल सुमारे १०४ सेंटिमीटरचे असते. वेग तोच ठेवून त्याने १७० पावले टाकली, तर ते ९८ सेंटिमीटरवर येते. फरक जेमतेम सहा सेंटिमीटरचा. पण विस्कॉन्सिन विद्यापीठात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की नेहमीच्या कॅडेन्समध्ये फक्त पाच टक्के वाढ केली तरी गुडघ्याला जिरवावी लागणारी ऊर्जा बरीच कमी होते, आणि दहा टक्के वाढवली तर खुब्याचेही काम हलके होते. गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणाऱ्याने सर्वांत आधी हाच उपाय करून पाहावा. त्याला ना खर्च, ना साधन. फोनवरचा मेट्रोनोम किंवा ठेक्यात बसणारे एखादे गाणे चालते.

१८० हा आकडा मात्र डोक्यातून काढून टाकावा. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकन प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी धावपटूंची पावले मोजली आणि जवळपास सर्वांची गती १८० किंवा त्याहून जास्त आढळली. तेव्हापासून हा आकडा नियमासारखा सांगितला जातो. पण ते जगातले निवडक धावपटू होते आणि शर्यतीच्या वेगाने पळत होते. किलोमीटरला सात मिनिटे लावणाऱ्या, सहा फूट उंचीच्या माणसाने तोच आकडा गाठायचा प्रयत्न केला, तर त्याची धाव अडखळती होते आणि दम लवकर लागतो. वेगानुसार कॅडेन्स बदलतो, उंचीनुसारही बदलतो. स्वतःच्या आजच्या गतीत पाच टक्के वाढ, आणि ती महिनाभर अंगवळणी पडल्यावर गरज वाटली तरच आणखी थोडी, हेच माप शहाणपणाचे आहे.

टाच आधी टेकवावी की चवडा, यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत जेवढा वाद झाला तेवढा धावण्याच्या दुसऱ्या कोणत्याच गोष्टीवर झाला नसेल. हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की केनियातील रिफ्ट व्हॅलीत अनवाणी धावत वाढलेली मुले बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे टाचेवर बसणारा सुरुवातीचा तडाखा टळतो. त्याआधीच्या वर्षी क्रिस्टोफर मॅकडूगल यांचे अनवाणी धावण्याची बाजू मांडणारे ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आले होते. दोन्हींच्या प्रभावाने हजारो लोकांनी जाड तळव्याचे बूट टाकून पातळ बूट घातले, काही अनवाणी धावू लागले. वाद मात्र मिटला नाही. २००४ च्या सप्पोरो अर्धमॅरेथॉनमध्ये पंधराव्या किलोमीटरला कॅमेरा लावून केलेल्या जपानी अभ्यासात आघाडीच्या धावपटूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश टाचेवरच उतरताना दिसले. उत्तर केनियातील दासनच लोकांवरील २०१३ च्या अभ्यासात तर आयुष्यभर अनवाणी असलेली माणसेही सावकाश धावताना बहुतांशी टाच आधी टेकवत होती. वेग, जमीन आणि सवय यांवर हे अवलंबून असते.

टाचेवर उतरणाऱ्याच्या गुडघ्यावर जास्त काम पडते, चवड्यावर उतरणाऱ्याच्या पोटरीवर आणि अकिलीस कंडरेवर. या कंडरेला धावताना शरीराच्या वजनाच्या सहापटीच्या आसपास ओढ सहन करावी लागते. ज्याची पोटरी अशा कामाला सरावलेली नाही, त्याने वाचून-ऐकून एका दिवसात चवड्यावर धावायला सुरुवात केली की आठवडाभरात तो लंगडत असतो. अमेरिकेत पातळ बुटांकडे वळलेल्या धावणाऱ्यांच्या पायांचे एमआरआय काढले तेव्हा दहा आठवड्यांतच त्यांच्यापैकी निम्म्याच्या आसपास लोकांच्या पावलांच्या हाडांत सूज आढळली; हाडाला बारीक तडा जाण्याची ती पूर्वखूण असू शकते. टाच हलकेच, शरीराच्या जवळ टेकत असेल तर ती टेकण्यात काही बिघडत नाही. पाऊल पुढे फेकून टाच आपटणे वाईट. त्याची परीक्षा कानानेही होते : पहाटेच्या शांत रस्त्यावर ज्याची पावले लांबून धपधप ऐकू येतात, त्याने आवाज कमी करण्याचा प्रयत्न करावा. पाय कसा टेकवायचा हे शिकवण्यापेक्षा ‘आवाज न करता धाव’ ही सूचना शरीराला जास्त चटकन कळते.

धडाच्या बाबतीत मुख्य चूक कमरेतून वाकण्याची. दिवसभर खुर्चीवर बसून मांडीच्या पुढचे आणि खुब्याचे स्नायू आखडतात. धावताना थकवा आला की छाती पुढे पडते, नितंब मागे राहतात आणि पाय मागे पुरेसा जात नाही. मग तो पुढे फेकावा लागतो, म्हणजे पुन्हा लांब ढांग. धड थोडे पुढे कललेले असावे, पण तो कल घोट्यातून यावा. सरळ उभे राहून, कंबर न मोडता, सगळे अंग घोट्यातून पुढे झुकवत न्यावे. तोल जाऊन एक पाय आपोआप पुढे पडतो, त्याच्या किंचित आधीची स्थिती म्हणजे हा कल. मान धडाच्या रेषेत. डोक्याचे वजन पाच किलोच्या आसपास असते आणि ते पुढे लोंबत राहिले की मानेचे, खांद्याचे स्नायू विनाकारण राबतात. आपल्या रस्त्यांवर खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि गतिरोधक पाहत धावावे लागते, हे खरेच. तेव्हा नजर खाली न्यावी, मान नव्हे. हातांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. कोपर काटकोनाच्या आसपास, खांदे सैल, मुठी उघड्या, आणि हात पुढे-मागे हलावेत. छातीसमोरून एकमेकांना ओलांडू लागले तर धड पिळले जाते.

सर्वांत कमी लक्ष जाते ते खुब्याकडे, आणि गुडघ्याच्या दुखण्याची मुळे पुष्कळदा तिथेच सापडतात. एका पायावर शरीर उतरते तेव्हा दुसऱ्या बाजूची कंबर खाली घसरू न देण्याचे काम खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा, नितंबाच्या वरच्या भागातला स्नायू करतो. तो कमजोर असेल, किंवा थकल्यामुळे वेळेवर काम करत नसेल, तर कंबर झुकते, मांडी आत वळते आणि गुडघा पायाच्या अंगठ्याच्याही आत येतो. वाटी आपल्या खाचेतून नीट सरकत नाही. बाहेरच्या बाजूचा आयटी बँड ताणला जातो. कंबर एकदा झुकली तर काहीच नाही. पाच हजार वेळा झुकली तर गुडघा बोलू लागतो. याची चाचणी घरच्या आरशासमोर होते. एका पायावर उभे राहून गुडघा हळूहळू वाकवावा. कंबर समांतर राहिली आणि गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला, तर ठीक. गुडघा आत ढळला, तर धावण्याची ढब सुधारण्याआधी हा स्नायू बळकट करायला हवा. काहींची पावले एकाच सरळ रेषेवर पडतात, जणू दोरीवर चालावे तशी. त्यांनी दोन पावलांत चार बोटांचे अंतर ठेवले तरी गुडघ्याच्या बाहेरचा आणि नडगीवरचा ताण उतरतो.

धावताना आपण कसे दिसतो याची प्रत्येकाची कल्पना बहुधा चुकीची असते, म्हणून ढब डोळ्यांनी पाहणे आवश्यक. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. फोन कमरेच्या उंचीवर, धावण्याच्या मार्गापासून पाच-सहा मीटरवर आडवा धरायला कुणाला तरी सांगावे आणि स्लो मोशनमध्ये चित्रण करावे. दोन बाजू पुरतात : एकदा अगदी बाजूने, एकदा मागून. चित्रण सुरुवातीला न घेता शेवटच्या किलोमीटरला घ्यावे, कारण ताज्या पायांची ढब चांगलीच दिसते आणि दुखापत थकलेल्या पायांना होते. बाजूच्या चित्रणात पाऊल टेकते तो नेमका क्षण थांबवून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढावी. घोटा गुडघ्याच्या बराच पुढे असेल आणि बुटाचा पुढचा भाग बराच वर उचललेला असेल, तर ढांग लांब आहे. मागच्या चित्रणात चड्डीच्या इलॅस्टिकची रेघ पाहावी. पाय टेकल्यावर ती एका बाजूला तिरकी होते का, दोन्ही गुडघ्यांमध्ये फट दिसते की ते एकमेकांना घासतात, उजव्या-डाव्या पावलांत फरक आहे का, एवढे पाहिले तरी पुढच्या दोन महिन्यांचे काम कळते.

चढ-उतारावर हिशेब बदलतो. चढावर पोटरी आणि अकिलीस कंडरेवर भार वाढतो. तिथे ढांग आणखी लहान करावी आणि छाती गुडघ्यांवर न पाडता घोट्यातून कलावे. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडची चढण शर्यतीच्या उत्तरार्धात येते, आणि कमरेतून मोडलेली सर्वाधिक शरीरे तिथेच दिसतात. पण जास्त नुकसान करतो तो उतार. सातारा हिल मॅरेथॉनचा मार्ग यवतेश्वरचा घाट चढून परततो, त्यामुळे दमलेल्या पायांवर उतार येतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार रोखून धरतात आणि त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, ते यामुळे. भीतीने मागे रेलले की टाच आपटते आणि ब्रेक अधिकच लागतो. लहान, झटपट पावले आणि धड उताराशी काटकोनात, हीच त्यावरची रीत. सपाट वाटणारे डांबरी रस्तेही पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरते केलेले असतात. रोज एकाच कडेने धावणाऱ्याचा एक पाय कायम खाली पडतो, त्यामुळे शक्य तिथे बाजू बदलावी किंवा मैदान गाठावे.

ढब नुसत्या निश्चयाने टिकत नाही, तिला ताकद लागते. या बाबतीत महाराष्ट्राच्या तालमीत जुने आणि चांगले साधन आहे : बैठका. चवड्यावर येत मारलेली बैठक मांडी आणि पोटरी दोन्हींना राबवते. धावणाऱ्याने त्याला एका पायावरच्या बैठकेची आणि पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करण्याची जोड द्यावी. एका पायावर सलग वीस-पंचवीस वेळा टाच पूर्ण उचलता येत नसेल, तर ती पोटरी लांब पल्ल्याला तयार नाही. टाचा जमिनीला टेकवून उकिडवे बसता येते का, हेही पाहावे. पूर्वी ही रोजची बैठक होती. खुर्ची आणि कमोडच्या सवयीने अनेकांचे घोटे आखडले आहेत. असा घोटा पावलावर शरीर पुढे सरकू देत नाही, मग टाच अवेळी उचलली जाते आणि ताण पोटरीवर किंवा तळव्यावर निघतो. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटांचा असा व्यायाम पुष्कळ झाला. धावण्याआधी पाच मिनिटे भरभर चालून मग धाव घ्यावी. थंड स्नायू जागच्या जागी ताणत बसल्याने दुखापत टळत नाही.

बुटांबद्दलच्या जाहिराती मोठ्या आणि पुरावा थोडका आहे. पायाला सुखाचा वाटणारा, पुढे बोटांना जागा देणारा बूट निवडावा, आणि साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर त्याचा तळ दबला की बदलावा. चुकीची ढब कोणताही बूट दुरुस्त करत नाही.

बदल करायचा तो एका वेळी एकच, आणि सुरुवातीला रोजच्या धावेतल्या पाच-दहा मिनिटांपुरताच. स्नायू काही आठवड्यांत नव्या कामाला सरावतात. कंडरा आणि हाडे महिने घेतात. हाडाचा जुना भाग काढून नवा घालण्याचे एक चक्र तीन-चार महिन्यांचे असते, आणि मधल्या काळात ते आधीपेक्षा कच्चे असते. ढब उत्तम असली तरी अंतर घाईने वाढवले तर दुखापत होतेच. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच हजारांहून अधिक धावणाऱ्यांच्या नोंदी तपासून २०२५ मध्ये दाखवले की मागच्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एकदम दहा टक्क्यांहून जास्त अंतर एका दिवशी धावले की दुखापतीचा धोका वाढतो. महिनाभरात दहा किलोमीटरपलीकडे न गेलेल्या माणसाने मित्रांच्या आग्रहाने रविवारी पंधरा किलोमीटर धावणे, ही महाराष्ट्रातल्या प्रत्येक रनिंग ग्रुपमध्ये दिसणारी गोष्ट आहे आणि ती टाळलीच पाहिजे.

धावताना जाणवणारी, वॉर्मअपनंतर कमी होणारी आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमणारी सौम्य दुखदुख अंतर व वेग कमी करून हाताळता येते. जे दुखणे धावताना वाढत जाते, चाल बिघडवते किंवा गुडघ्याला सूज आणते, त्यासाठी फिजिओथेरपिस्ट गाठावा. आणि नडगीवर, पावलाच्या पाठीवर किंवा जांघेत बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच दुखरी जागा असेल, एका पायावर उडी मारताच ती ठणकत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, तर ढब बदलून पाहत बसू नये. ते हाडाला गेलेल्या तड्याचे लक्षण असू शकते. धावणे त्याच दिवशी थांबवावे आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.